पूल आधीचा, सीमा नंतरची

हदगाव सोडून उमरखेडकडं निघालं की मार्लेगावाजवळ पैनगंगा आडवी येते. तुळजापूरहून लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड करत नागपूरकडं जाणारा हा रस्ता आता चौपदरी झाला आहे. उसाच्या ट्रॉल्या, कापसाचे टेम्पो, पुण्या-नागपूरच्या ट्रॅव्हल्स, सगळे त्याच वेगात पुलावरून निघून जातात. गाडीतलं कुणीतरी म्हणतं, "मराठवाडा संपला, विदर्भ लागला." बाकीचे मोबाइलमधून मान वर करत नाहीत.

संपादकांनी यंदा विषय दिला, 'दोन देशांना जोडणारा पूल'. त्यांच्या डोळ्यांसमोर परदेश असणार. मला आधी आठवली ही जागा. १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ या तेरा महिन्यांत पैनगंगेचे हे दोन काठ खरोखरच दोन देशांत होते. पलीकडं उमरखेड स्वतंत्र भारतात होतं. अलीकडं हदगाव, नांदेड, लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि निजाम भारतात यायला तयार नव्हता. म्हणून आधी पैनगंगेवर गेलो. तिथून खाली मांजरेवर आलो, तेव्हा लक्षात आलं की आपल्या नांदेड जिल्ह्यात या विषयाच्या दोन उलट्या गोष्टी आहेत. पैनगंगेवरची सीमा पुसली गेली. मांजरेवर मात्र दोन्ही काठ एकाच राज्यात असताना पूल बांधला गेला आणि सीमा त्याच्यावर नंतर येऊन बसली.

हाली आणि कलदार

निजामाचं राज्य इंग्रजांच्या छत्राखाली होतं खरं, पण रोजच्या व्यवहारात ते वेगळा देशच होतं. त्याचं पोस्टाचं तिकीट वेगळं, रेल्वे वेगळी, नाणं वेगळं. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात अजून 'हाली' आणि 'कलदार' येतात. हाली म्हणजे निजामाचा रुपया, कलदार म्हणजे इंग्रजांचा. सहा कलदारला सात हाली असा साधारण भाव. वऱ्हाडात लेक दिलेल्या बापाला तिच्याकडं जाताना पैसे बदलून न्यावे लागत. माल न्यायचा तर सीमेवर करोडगिरी, म्हणजे निजामाची जकात, भरावी लागे. कापूस, कापड, गूळ, सगळ्यावर ती लागू होती.

यातली एक गोष्ट विसरू नये अशी आहे. वऱ्हाड मुळात निजामाचाच मुलूख. १८५३ साली तो इंग्रजांकडं गेला, १९०२ साली कायमच्या भाडेपट्ट्यानं गेला. बोली, सण, सोयरिकी, शेतीची पद्धत यांत नदीच्या दोन्ही बाजूंना तसा फरक नव्हता. फरक होता तो फक्त कारभाराचा.

१९४७ च्या २९ नोव्हेंबरला भारत आणि हैदराबाद यांच्यात जैसे थे करार झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत निजाम सरकारनं भारतीय चलन आपल्या हद्दीत बेकायदा ठरवलं. भारताकडून येणाऱ्या मालाची कोंडी सुरू झाली. रझाकारांच्या जाचानं माणसं गावं सोडून पैनगंगेपार जाऊ लागली आणि उमरखेडला हैदराबाद मुक्तिलढ्याचा कॅम्प उभा राहिला. तिथून कार्यकर्ते रात्री नदी ओलांडून हदगाव, भोकर, उमरी या भागांत उतरत आणि काम करून परत जात. ३० जानेवारी १९४८ ला उमरीच्या बँकेवर जो हल्ला झाला तो याच लढ्याचा भाग. बँकेतला पैसा लढ्यासाठी सीमेपार नेण्यात आला. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. अनंत भालेरावांनी हैदराबादच्या स्वातंत्र्यसंग्रामाचा आणि मराठवाड्याचा जो इतिहास लिहून ठेवला आहे, तो वाचून मार्लेगावला यावं. मग पुलाच्या कठड्याशी उभं राहिल्यावर ते पात्र नुसतं पात्र वाटत नाही.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबादच्या हद्दीत शिरल्या. १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली आणि सीमा गेली. हाली रुपया पुढं काही वर्षं रेंगाळला, मग तोही गेला. आज दोन्ही काठांवर एकच महाराष्ट्र आहे. या सीमेची साधी पाटीसुद्धा तिथं नाही. ती असावी असं मला मनापासून वाटतं.

सर्कलनं कापलेला मुलूख

सीमा पुसली जाण्याची गोष्ट ऐकायला बरी वाटते. त्याच मुलखात सीमा उमटण्याची गोष्ट मात्र अवघड आहे. मराठवाड्याबाहेर ती फारशी कुणाला ठाऊक नसते.

१९५६ पर्यंत नांदेड, निजामाबाद, आदिलाबाद आणि बीदर हे चार शेजारी जिल्हे एकाच राज्यात होते. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. किनवट आदिलाबादेत होतं आणि मुधोळ नांदेडात. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यं झाली, तेव्हा हा मुलूख तालुक्यांच्या मापानं नुसता वाटला गेला नाही, महसुली सर्कलच्या मापानं कापला गेला. देगलूर तालुका नांदेडात राहिला, पण त्यातली बिच्कुंदा आणि जुक्कल ही सर्कलं आंध्रात गेली. मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कलं गेली, धर्माबादचा भाग इकडं राहिला. उदगीर, अहमदपूर, निलंगा महाराष्ट्राच्या वाट्याला आले. भालकी, औराद, संतपूर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले.

सर्कल म्हणजे पाच-पंचवीस गावांचा पुंजका. तिथून कुणी उठून कुठं गेलं नाही, पण एका पिढीनं तीन राज्यं पाहिली. देगलूरला जन्मलेला माणूस हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात आला. त्याचा बिच्कुंद्याचा मेव्हणा हैदराबादेतून आंध्र प्रदेशात गेला आणि २ जून २०१४ पासून तेलंगणात आहे. दोघांचं शेत जिथल्या तिथं आहे.

म्हणूनच बिलोली, धर्माबाद, कुंडलवाडी, देगलूर या पट्ट्यात घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही आणि जोडीला दखनी अशी बोलण्याची रीत आहे. 'वार' शेवटाची आडनावं या भागात पावलोपावली भेटतात. पोशट्टी आणि सायन्ना ही नावं शाळेच्या हजेरीपटावर मारोती आणि गंगाधर यांच्या शेजारी असतात. पोरांना पाटी-पेन्सिल धरायला लावायची तर बासरच्या सरस्वतीला नेतात. नांदेडच्या घरांत हा रिवाज आहे आणि निजामाबादच्या घरांतही. धर्माबादच्या बाजारात लाल मिरचीचे जे ढीग लागतात त्यांत पलीकडच्या मुलखातली मिरची असतेच.

येसगी ते सालुरा

मांजरा बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगवते आणि ७२४ किलोमीटर वाहते. लातूरकरांना ती धनेगावच्या धरणासाठी, नागझरी-साईच्या बंधाऱ्यांसाठी माहीत. २०१६ च्या एप्रिलमध्ये हीच नदी इतकी आटली की मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी आणावं लागलं. पुढं औराद शहाजानीच्या बाजूला तिला तेरणा मिळते. मग ती बीदरमध्ये जाते, तेलंगणात शिरते आणि सिंगूर, निजामसागर अशी धरणं भरून पुन्हा आपल्याकडं वळते. बिलोली तालुक्याच्या कडेनं ती दोन राज्यांमधली सीमा होऊन वाहते आणि कंदकुर्तीला गोदावरीत मिसळते.

या शेवटच्या पट्ट्यात, आपल्या काठावर येसगी आणि समोर निजामाबाद जिल्ह्यातलं सालुरा, यांच्यामध्ये निजामाच्या काळातला पूल आहे. तो बांधला तेव्हा दोन्ही काठ एकाच संस्थानाचा मुलूख होते. पुलापलीकडं बोधन. १९३०च्या दशकात तिथल्या शक्करनगरला निजाम शुगर फॅक्टरी उभी राहिली. एके काळी आशियातल्या मोठ्या साखर कारखान्यांत तिचं नाव होतं. २०१५ च्या अखेरीस ती बंद पडली. तोवर बोधन हे या काठासाठी कामाचं, बाजाराचं, दवाखान्याचं गाव होतं. कारखाना गेला तरी बाकीचं राहिलं.

सकाळी बिलोलीहून येसगीला उतरलं की हे समजायला वेळ लागत नाही. एसटीतून उतरलेली बाई डोक्यावर गाठोडं घेते आणि पलीकडच्या ऑटोकडं चालू लागते. लेकीच्या बाळंतपणाला निघालेली असते. दुचाकीवर नवरा-बायको आणि मध्ये लेकरू, हँडलला दवाखान्याची पिशवी. दुधाचे कॅन, कोंबड्यांचे पिंजरे, भाताचं बियाणं, सोयाबीनची पोती, सगळं या एका अरुंद रस्त्यावरून जातं. पलीकडं गेल्यावर दुकानांच्या पाट्यांची लिपी बदलते आणि निजामसागरच्या कालव्याची भातशेती सुरू होते. अलीकडं काळं रान, सोयाबीन, कापूस, तूर. हा बदल पुलानं केलेला नाही, पाण्यानं केलेला आहे. ९० वर्षांपूर्वी एका काठाला कालवा मिळाला, दुसऱ्याला मिळाला नाही. दोन काठांमधली आजची बरीच तफावत तिथून सुरू होते.

त्या तफावतीचं राजकारणही झालं. २०१८ च्या मे महिन्यात तेलंगणानं रयतु बंधू योजना सुरू केली. शेतकऱ्याला हंगामाला एकरी ४ हजार रुपये, पुढं ५ हजार, थेट मिळू लागले. शेतीला चोवीस तास वीज तिथं होती. धर्माबाद-बिलोलीच्या सीमेवरच्या गावांनी मग उघड मागणी केली, आम्हाला तेलंगणात घ्या. मुंबईत ही मागणी चमत्कारिक वाटली असेल. येसगीच्या पारावर ती तशी वाटत नाही. सोयऱ्याच्या खात्यात पैसे आलेले इथं त्याच दिवशी कळतात. त्या माणसांना राज्य बदलायचं नव्हतं, आपल्या सरकारनं आपल्याकडं बघावं असं त्यांचं म्हणणं होतं. ते ऐकून घ्यायला हवं होतं.

करोनाच्या काळात या पुलाला आपण सीमेवर असल्याची पहिल्यांदा नीट जाणीव झाली. २०२० च्या मार्चमध्ये राज्यांच्या हद्दी बंद झाल्या. पुढच्या वर्षी महाराष्ट्रात रुग्ण वाढले तेव्हा तेलंगणानं सालुऱ्याला आणि कंदकुर्तीला तपासणी नाके बसवले. शेत एका काठावर आणि घर दुसऱ्या काठावर असलेल्यांनी काय करायचं, याची तरतूद कुठल्या आदेशात नव्हती. मयतीला जाणारे अडले. एका राज्याचा म्हणून जगलेला रस्ता त्या दिवसांत दोन देशांमधला रस्ता झाला.

खऱ्याखुऱ्या दोन देशांमधल्या पुलाचं हेच रोजचं जगणं असतं. त्रिपुरातलं सबरूम आणि बांगलादेशातलं रामगढ यांच्यामध्ये फेणी नदीवर १.९ किलोमीटरचा मैत्री सेतू बांधला. ९ मार्च २०२१ ला त्याचं उद्घाटन झालं. पूल तयार होता, तरी दुसऱ्या दिवशी त्यावरून वाहतूक सुरू झाली नाही. सीमाशुल्क, पारपत्र तपासणी, मालाचे गोदाम, दोन्हीकडचे करार हे सगळं उभं राहावं लागतं. उलट उत्तराखंडात धारचुल्याला महाकाली नदीवरच्या झुलत्या पुलावरून भारत आणि नेपाळची माणसं पारपत्राशिवाय बाजाराला जातात, कारण १९५० च्या तहानं ती वाट मोकळी ठेवली आहे. काँक्रीट आणि लोखंड दोन्हीकडं सारखंच असतं. पूल किती जोडतो ते कागदावर ठरतं.

पायाखालची रेती

येसगीच्या पुलाला आज कागदाचा त्रास नाही. त्याला धोका आहे तो पायाखालून.

मांजरेची लाल रेती नामांकित आहे. येसगी, सगरोळी, बोळेगाव, गंजगाव, माचनूर हे बिलोली तालुक्यातले रेतीघाट. इथली रेती हायवा भरून हैदराबादेपर्यंत जाते. दिवसा पावती, रॉयल्टी, वजन असं सगळं असतं. रात्री काय चालतं ते काठावरच्या प्रत्येक गावाला माहीत असतं. पोकलेन पात्रात उतरतात, सक्शन पंप लागतात. भरलेली हायवा पुलावर येते तेव्हा कठड्यावर हात ठेवून उभं राहावं. स्लॅबचा कंप हातातून खांद्यापर्यंत येतो. दोन गाळ्यांमधल्या सांध्यावरून चाक गेलं की आधी एक दणका, मग मागच्या चाकांचा दुसरा. गाडीतून सांडलेली रेती त्याच सांध्यात जाऊन बसते. उन्हाळ्यात स्लॅब प्रसरण पावतो, त्याला जागा मिळावी म्हणून हा सांधा ठेवलेला असतो. तो रेतीनं भरला की ताण खाली बेअरिंगवर आणि खांबाच्या डोक्यावर जातो.

पण वरचं ओझं हा अर्धाच भाग. पुलाचा खांब रेतीवर उभा नसतो, रेतीत गाडलेला असतो. नदीतल्या मोठ्या पुलांना बहुधा विहिरीचा पाया घेतात. काँक्रीटचं कडं पात्रात ठेवतात, आतली माती काढत जातात, तसं ते स्वतःच्या वजनानं खाली बसतं. वर पुन्हा बांधत जायचं, पुन्हा आतून उपसायचं. किती खोल न्यायचं हे महापुराच्या हिशेबानं ठरतं. पुरात खांबाशी पाणी अडतं, भोवरा धरतं आणि बुडाची रेती उचलून नेतं. ही खरवड जास्तीत जास्त किती खोल जाईल ते काढून पाया त्याच्याही खाली नेलेला असतो. पूर ओसरला की नदी वरून आणलेली रेती त्या खड्ड्यात पुन्हा भरते.

हा सगळा हिशेब पात्राची पातळी धरून केलेला असतो. पात्रच खाली गेलं तर हिशेब मोडतो. उपशानं पात्र पुरुषभर उतरलं तर पुढचा पूर खरवडायला तिथून सुरुवात करतो. शिवाय भरून काढायला वरून रेती येत नाही. सिंगूर आणि निजामसागर ती अडवून बसलेले असतात. म्हणजे एकीकडून आवक बंद आणि दुसरीकडून रोजचा उपसा. पुलाच्या आसपास ठरावीक अंतरात रेती काढायची नाही असा नियम आहे. तो पाळला जातो की नाही हे बघायला अलीकडचा तलाठी त्याच्या काठापर्यंत येतो, पलीकडचा त्याच्या काठापर्यंत. कारवाईची गाडी दिसली की पोकलेन नदीच्या मधोमधची रेघ ओलांडून उभं राहतं. सीमेचा सर्वांत चोख उपयोग या धंद्यानं केला आहे, असं मी जबाबदारीनं म्हणतो.

पाणी येतं तेव्हा

मांजरा बाराही महिने भरून वाहणारी नदी नाही. आठ महिने ती वाळवंट असते. पण निजामसागरचे दरवाजे उघडले की एका रात्रीत ती काठ सोडते, आणि खालून पोचमपाडचा फुगवटा आधीच आलेला असतो. पोचमपाड म्हणजे गोदावरीवरचं श्रीरामसागर धरण. ते भरलं की पाणी मागं कंदकुर्तीच्या संगमापर्यंत चढतं आणि मांजरेच्या पाण्याला पुढं सरकायला जागा उरत नाही. दोन धरणं तेलंगणात, पाण्याखाली जाणारी बरीच रानं बिलोली-धर्माबादेत.

२०२५ च्या ऑगस्टच्या अखेरीस हेच झालं. कामारेड्डी, मेदक भागात अतोनात पाऊस पडला, निजामसागरमधून मोठा विसर्ग सुटला, सालुऱ्याजवळची वाहतूक थांबली आणि कंदकुर्तीचा गोदावरीवरचा पूल पाण्याखाली गेला. त्याच्या दहा-बारा दिवस आधी मुखेड तालुक्यात एका रात्रीच्या पावसानं आणि लेंडी धरणाच्या फुगवट्यानं हसनाळ, रावणगावसारखी गावं वेढली आणि माणसं दगावली. लेंडीही मांजरेलाच मिळते. ते धरणही दोन राज्यांचा एकत्र प्रकल्प.

अशा रात्री लोकांना खबर कुठून मिळते याची मी चौकशी केली. तहसीलचा निरोप येतो, कोतवाल दवंडी देतो, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरतात. पण सर्वांत आधी येतो तो वरच्या अंगाच्या सोयऱ्याचा फोन. निजामसागरच्या जवळ दिलेली बहीण, बिच्कुंद्याचा साडू, "अण्णा, इकडं गेट उचललेत" एवढं सांगतो. त्यावर मोटारी काढल्या जातात, जनावरं सोडली जातात. रोटीबेटीचा व्यवहार इथं पुराच्या इशाऱ्याचं काम करतो. सरकारी निरोप त्या फोनच्या आधी पोचायला हवा.

माणसं मरतात ती बहुतेक वेळा मोठ्या पुलावर नाही, बुटक्या पुलावर. २८ सप्टेंबर २०२१ ला उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर पुलावरून पाणी वाहत असताना नांदेडहून नागपूरकडं निघालेली एसटी वाहून गेली. प्रवासी दगावले. पैनगंगेवरचा मोठा पूल तिथून दूर नाही. महामार्गाच्या पुलांवर कोट्यवधी खर्च होतात आणि त्यांना मिळणाऱ्या रस्त्यांवरचे नळकांडी पूल गुडघाभर उंचीचे राहतात. सीमेवरच्या गावांचे तर अधिकच, कारण रस्ता 'इथं संपतो' असं दोन्ही जिल्ह्यांच्या नकाशात लिहिलेलं असतं. खरं तर तो तिथं संपत नाही.

बाभळीची १ जुलै

हे सगळं दोन राज्यांना मिळून सांभाळता येईल का? येतं, आणि त्याचा दाखला येसगीपासून फार लांब नाही.

धर्माबादजवळ गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. १४ दरवाजे, २.७४ टीएमसी पाणी. पोचमपाडच्या फुगवट्यात तो बांधला म्हणून आंध्रानं आक्षेप घेतला. २०१० च्या जुलैमध्ये चंद्राबाबू नायडू आमदारांसह इथं येऊन धडकले आणि त्यांना धर्माबादेत स्थानबद्ध करावं लागलं, इतकं ते तापलं होतं. २८ फेब्रुवारी २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे. १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. देखरेखीला तीन सदस्यांची समिती, त्यात केंद्रीय जल आयोगाचा आणि दोन्ही राज्यांचा माणूस.

या निकालानं आपल्या शेतकऱ्याचं पूर्ण समाधान झालेलं नाही. पावसाळाभर दरवाजे वर, आणि ते खाली टाकायची तारीख येते तेव्हा नदीचा जोर ओसरलेला असतो. ही तक्रार रास्त आहे. तरीही दर १ जुलैला बाभळीवर जे घडतं ते मला महत्त्वाचं वाटतं. दोन्ही राज्यांचे अभियंते एकाच जागी उभे राहतात, पाण्याची पातळी दोघं मिळून वाचतात, दोघांच्या सह्या एकाच कागदावर होतात आणि मग दरवाजे उचलले जातात. वर्षानुवर्षे हे तारखेला होत आलं आहे.

मांजरेवर नेमकं हेच पाहिजे. पावसाळ्याआधी येसगी-सालुऱ्याच्या पुलाखाली दोन्हीकडच्या बांधकाम खात्याच्या माणसांनी एकत्र उतरावं, खांबाशी पात्र किती खाली गेलं ते मोजावं आणि तो आकडा बिलोली आणि बोधन दोन्हीकडच्या तहसीलच्या फळ्यावर लावावा. रेतीघाटाचा लिलाव त्या आकड्यावर ठरावा. निजामसागरचा विसर्ग ठरला की त्याच मिनिटाला नांदेडच्या जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि काठावरच्या ग्रामपंचायतींना कळावं. यासाठी नवा कायदा लागत नाही. बाभळीला येणारे अधिकारी याच दोन राज्यांचे आहेत, आणि तिथं त्यांची पुढची तारीख ठरलेली आहे. त्या दिवशी त्यांनी धर्माबादहून परत फिरण्याआधी गाडी बिलोलीच्या रस्त्याला घ्यावी आणि येसगीला पुलाखाली उतरावं.